घडी घातलेली ओळ

आमच्या दवाखान्यात फील्डच्या खोलीत घड्याळ नाही. भिंतीवर खिळा आहे, खिळ्याखाली घड्याळाचा गोल डागही आहे, पण घड्याळ नाही. नवीन आलेला माणूस एकदा तरी विचारतोच, आणि मी सांगते, भाईंनी काढलं. मग भाई कोण, हे सांगावं लागतं. आणि ते दोन वाक्यांत सांगून होत नाही, ही माझी अडचण.

आमचा दवाखाना गोव्यातल्या डिचोलीत, डोळ्यांचा. डॉक्टर म्हणजे मॅडम. भाई डॉक्टर नव्हते, काचबिंदूच्या पेशंटांची यंत्रावरची तपासणी ते करायचे. तरी पेशंट आधी भाईंना नमस्कार करायचे आणि मग मॅडमना, आणि मॅडमना त्याचं काही वाटत नसे. मी त्यांच्या हाताखाली शिकायला आले तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते. उंच, जरासे वाकलेले, डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. कोरगावाहून रोज स्कूटरने यायचे. पेडण्याकडचे बाकीचे लोक म्हापशाला बस बदलून येत, हे भर पावसातसुद्धा स्कूटरवर. विचारलं तर म्हणायचे, "बसीची वाट बघत कोण रवतलो? माझी घोडी बरी."

माणसाला नावाने हाक मारायची नाही, गावाने मारायची, ही त्यांची एक तऱ्हा. "काय रे सुर्ला, थेंब घालतस मा वेळेर?" "ये गो पेडणे, आज एकटीच?" मी नार्वेची, म्हणून मी 'नार्वे'. माझ्या रजेच्या अर्जावर एकदा त्यांनी माझं नाव वाचलं. "ह्या तुझा नाव? बरा आसा," म्हणाले आणि पुढच्याच मिनिटाला, "नार्वे, ती खिडकी ओढ गो." मला भारी राग यायचा. आई-बापांनी बारसं काय उगीच केलं होतं?

फील्ड म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. डोळ्यातला दाब मागच्या नसेला हळूहळू मारतो आणि नजर कडेकडेने जाते. मधली बरेच दिवस शाबूत राहते, म्हणून माणूस पेपर वाचतो, सुईत दोरा ओवतो आणि घरातल्या घरात पायरी चुकतो. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायची, एवढंच हातात. त्यामुळे एकदा तपासून भागत नाही, चार-सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं, नजर गेलेला डाग आहे तेवढाच आहे की वाढला. त्यासाठी एक यंत्र असतं, पांढऱ्या कढईसारखं. एक डोळा झाकायचा, हनुवटी टेकवायची, कढईच्या मध्यावर पिवळा दिवा असतो त्याच्यावरून नजर हलवायची नाही. मग इकडेतिकडे बारीक उजेड चमकतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. नाही दिसला तर गप्प बसायचं.

गप्प बसणं हेच माणसाला जमत नाही. भाईंनी घड्याळ काढलं ते त्याच्यापायी. मये गावच्या एका म्हाताऱ्याचा तपासणीचा कागद इतका चांगला आला की भाईंना ते खरं वाटेना. ते जाऊन त्याच्या पाठीमागे उभे राहिले. म्हातारा घड्याळाच्या टिकटिकीवर बटण दाबत होता! भाईंनी स्टुलावर चढून घड्याळ उतरवलं आणि बाहेर बाकावर नेऊन ठेवलं. "तो घड्याळाक जबाब देता," म्हणाले. "उजेडाक नाय."

आमचं यंत्र जुनं. उजेड टाकायच्या आधी त्याच्या पोटात कुठेतरी बारीक 'टिक्' व्हायचं. पेशंटांच्या ते लक्षातही येत नसे. आणि यंत्रही काही कमी लबाड नव्हतं. मधूनच नुसतं वाजायचं आणि उजेड टाकायचंच नाही, समोरचा बघून दाबतो की अंदाजाने, हे पारखायला. असे खोटे दाब किती झाले, डोळा किती वेळा हलला, हे सगळं छापील कागदाच्या अगदी वरच्या ओळीत येतं. खाली नजरेचा नकाशा, काळा-पांढरा. बघणाऱ्याचं लक्ष सरळ नकाशावर जातं, माझंही जायचं. भाई त्या नकाशावर पंजा ठेवायचे. "पयली वरची ओळ वाच. वरची ओळ खोटी तर खालचा सगळा खोटा." महिनाभर मला त्यांनी नकाशा बघूच दिला नव्हता.

सकाळच्या पहिल्या गाडीने उपाशी आलेल्या माणसाला ते यंत्रावर बसवत नसत. पोदेर, म्हणजे पाववाला, रोज दवाखान्याच्या दारात सायकल थांबवून भोंगा वाजवायचा. भाई त्याच्याकडून गरम उंडे, म्हणजे गोल पाव, घ्यायचे, आणि आधी उंडो आणि चहा, मग तपासणी. कोणी घाई केली की म्हणायचे, "पोटात आग आसली काय बोट आपसूक बटण दाबता." मॅडम हसायच्या, पण भाईंच्या हातचा कागद आला की डोळे मिटून विश्वास ठेवायच्या. हे वाक्य मी उगीच लिहिलेलं नाही.

दुपारी गर्दी ओसरली की ते पेशंटांच्या फायली काढून बसत. प्रत्येक कागदावर ट्रेसिंग पेपर ठेवून काळा डाग पेन्सिलीने उतरवायचे आणि एकाच माणसाचे तीन-चार पेपर एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावायचे. उजेडात सगळे डाग एकात एक दिसायचे. कॉम्प्युटर तेच काम चुटकीसरशी करतो, हे मी त्यांना सांगून पाहिलं. "करूंदे मगे. माका बघूक कोण अडवता?" एकाच कागदावरून कुणाचं औषध वाढवायचं झालं तर ते मॅडमनाही थांबवत. "एक कागद म्हणजे गजाल. दोन कागद म्हणजे संशय. तीन कागद म्हणजे खबर." गजाल म्हणजे आमच्याकडे नाक्यावरच्या गप्पा, कोण काय बोलला त्याला पत्ता नाही. माणूस एखाद्या दिवशी झोपलेला नसतो, घाबरलेला असतो, त्याचा एक कागद वाईट येतो. त्याच्यावर आयुष्य ठरवू नये, असं त्यांचं म्हणणं. आणि ते बरोबरच होतं.

त्यांचे वडील काचबिंदूने आंधळे होऊन गेले. घरच्यांना वाटलं, म्हातारपण. काजूच्या बागेत जन्म गेलेला माणूस, त्याला स्वतःच्या खळ्यातला दगड दिसेना. पण वडील कधी 'मला दिसत नाही' म्हणाले नाहीत. ते घरच्यांवर ओरडायचे, सारखे मधी मधी कित्याक येतात म्हणून. भाई तेव्हा त्यांचा ओरडा खाऊन बाजूला व्हायचे. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, खिडकीला कागद लावता लावता, माझ्याकडे न बघता. "'माका दिसणा नाय' असा काचबिंदूवालो कधी म्हणणा नाय, नार्वे. तो म्हणता, लोक मधी येतत. असा कोण म्हणालो तर तेका पयलो यंत्रार बसव." नंतर चहा प्यायला गेले.

सुर्ल्याचा तो ट्रकवाला मला कधी विसरता येणार नाही. मूळचा सावंतवाडीकडचा, खाणीवर मालाची गाडी चालवायचा. त्याचे तीन कागद झाले आणि तिन्ही वाईट. भाई त्याला काही सांगायच्या आधीच त्याने हात जोडले. "भाई, कागद जरा बरो येवंदे. गाडी हातातसून गेली तर मी करू काय?" भाई त्याच्या शेजारी बाकावर बसले. मला वाटलं आता लेक्चर देणार. दिलं नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवून एवढंच म्हणाले, "डोळो तुझो रे, पण रस्तो सगळ्यांचो." मग खिशातून गाडीची चावी काढून त्याने ती टेबलावर ठेवली, जणू गाडी भाईंचीच होती. भाई पुढचे तीन रविवार स्कूटरने सुर्ल्याला जाऊन ठेकेदाराच्या मागे लागले, तेव्हा त्याला वजनकाट्यावर बसायचं काम मिळालं. आम्हाला हे त्या ट्रकवाल्याकडून कळलं. भाई असलं काही सांगायचे नाहीत.

आता खुद्द भाईंचं.

भाईंनाही काचबिंदू होता, वडिलांचाच वारसा. सगळ्या दवाखान्याला ठाऊक होतं, लपवण्यासारखं काही नव्हतं. त्यांचे थेंब कधी चुकले नाहीत. सकाळी पोदेराचा भोंगा वाजला की एक आणि देवाजवळ दिवा लावला की एक. दाब दर वेळी बरा निघायचा. त्यांच्या जाड चष्म्याच्या डोळ्याची नस मुळातच आडवीतिडवी, त्यामुळे नसेच्या स्कॅनवरून मॅडमना नीटसा अंदाज येत नसे. सगळी मदार फील्डवर. आणि त्यांचं फील्ड घ्यायचं कोणी? तेच घ्यायचे. सहा महिन्यांनी एकदा, जेवणाच्या सुट्टीत दार ओढून घ्यायचे, स्वतःच यंत्र चालू करायचे आणि स्वतःच कढईत तोंड घालायचे. मी एकदा म्हटलं, मी घेते. "माझा मी घेतंय, तू जेव जा." कागद निघायचा तो स्वच्छ. मॅडम नकाशा बघायच्या, "छान आहे हो भाई" म्हणायच्या आणि फाईल बंद.

आता पहिली गोष्ट घडली ती उंड्याची. सकाळचा चहा चालला होता. मी बशीत दोन उंडे ठेवून बशी त्यांच्या डाव्या हाताशी सरकवली. ते चहा पीत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "आज पोदेर इलो नाय काय गो?" मला वाटलं थट्टा करताहेत, त्यांना ती सवय होती. मी म्हटलं, "समोर तर आहेत!" त्यांनी मान खाली डावीकडे वळवली, बघितलं, आणि हसून म्हणाले, "तू कधी ठेवलंस?" ठेवताना त्यांच्याशी बोलतच ठेवले होते मी.

खरं सांगते, त्याच दिवशी कळलं होतं मला. पण मी त्यांचीच शिष्या ना! एक कागद म्हणजे गजाल. मी थांबले. पाच महिने थांबले. त्या पाच महिन्यांचा विचार आजही मनात येतो आणि मला माझीच चीड येते.

दुसरी गोष्ट नार्वेत घडली. काजूच्या दिवसांतला रविवार, सकाळचे अकरा वाजले असतील, लख्ख ऊन. भाई आमच्याकडे घरच्या काजूबियांची पिशवी द्यायला येत होते. माझी आई घरामागच्या पोरसातून तांबडी भाजी काढून, बांबूची पांटी कमरेला लावून, रस्त्याच्या डाव्या कडेला उभी होती. मी दारातून बघत होते. भाईंची स्कूटर सरळ आली, सावकाश, आणि आरशाने पांटीला धडक दिली. आई गटारात बसली. भाजी रस्ताभर.

मी धावले. आईचं कोपर सोलवटलं होतं, बाकी देवाच्या दयेने काही नाही. भाई स्कूटर टाकून आले होते. आईचा हात धरून त्यांनी तिला उठवलं आणि म्हणाले, "काकी, तुम्ही खंयसून इलात अशा मधीच?"

आई म्हणाली, "मी खंय येतंय बाबा? मी उभीच होतंय."

भाईंनी ते ऐकलं की नाही मला ठाऊक नाही. मी ऐकलं. लोक मधी येतत. मी खाली बसून भाजी गोळा करत राहिले.

सोमवारी मी भाई यायच्या आधी दवाखाना उघडला आणि त्यांची फाईल काढली. जुने कागद सरळ होते. वरच्या ओळीत खोटे दाब शून्य, मग दोन टक्के. पुढच्या कागदांना वरून एक घडी घातलेली होती. नीट, नखाने दाबून घातलेली. नकाशा दिसेल आणि वरची ओळ पाठीमागे जाईल एवढीच. मी एकेक घडी उघडली. नऊ. चौदा. बावीस. शेवटचा, एकतीस.

खाली नकाशा स्वच्छ, आणि वर लिहिलेलं की या माणसाने उजेड नसताना बटण दाबलं. कुणीही वाचलं नाही. मॅडमनी नाही, मी नाही. भाईंच्या हातचा कागद, त्याची वरची ओळ कोण वाचणार? मी तिथेच खुर्चीत बसून रडले. मग तोंड धुतलं आणि फाईल टेबलावर उघडी ठेवली.

भाई आले. फाईल बघितली, उलगडलेल्या घड्या बघितल्या. शबनम खुंटीला लावली.

"फायलीत बसा नव्हते, म्हणून घडी घातलंय," म्हणाले.

"भाई, बाकीच्या सगळ्यांचे बसतात."

"म्हणजे काय म्हणूचा आसा तुका?"

मी सगळं बोलून टाकलं. उंड्याचं बोलले, आईचं बोलले. शेवटी म्हटलं, "मला फील्ड घेऊ द्या. मी घेते, तुम्ही नुसते बसा." ते इतके ताडकन उठले की खुर्ची मागे पडली. "तू माका शिकवतलंस? माका? ह्या यंत्राक हात खंय लावचो ता तुका कोणी दाखवला?" आणि मग त्यांनी मला हाक मारली. नावाने. माझ्या, बारशाच्या, कागदावरच्या नावाने. "जा. भायर जा."

इतकी वर्षं मला हवं होतं ना नाव? मिळालं. इतकं परकं काही मी कधी ऐकलं नव्हतं. पण मीही नार्वेची, दारात थांबले आणि म्हटलं, "शनिवारपर्यंत वाट बघीन. नाहीतर मॅडमना सांगणार. डोळे तुमचे आहेत भाई, पण त्या रस्त्यावर माझी आई उभी असते." त्यांचंच वाक्य होतं ते. त्यांना ते ओळखू आलं असणारच.

पाच दिवस आमचं बोलणं बंद. पेशंटांशी बोलायचे, माझ्याशी नाही. उंडे यायचे, तसेच वाळायचे. मला वाटायचं, जाऊ दे, माफी मागावी, मोठा माणूस आहे. मग आईच्या कोपरावरची पट्टी दिसायची. त्यांची खुर्ची काढून घ्यायची म्हणजे त्यांचं सगळंच काढून घेणं, हे मला कळत नव्हतं का? पण आणखी सहा महिने गेले तर त्यांच्याकडे उरणार काय, हेही कळत होतं.

शनिवारी दुपारी शेवटचा पेशंट गेला. भाई उठले, फील्डच्या खोलीत गेले आणि पेशंटाच्या स्टुलावर बसले. चष्मा काढून हातात धरला. "घे," म्हणाले.

मी त्यांचा डावा डोळा झाकला, यंत्रात त्यांच्या नंबरचं भिंग लावलं. दिवा मालवला. हजार पेशंटांना त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांना सांगितलं. मधल्या दिव्याकडे बघा, डोळा हलवू नका, उजेड दिसला तरच दाबा, नाही दिसला तर काही बिघडत नाही. त्यांनी मान हलवली.

यंत्र सुरू झालं. डोळा असा स्थिर की पडद्यावर चित्र लावल्यासारखा. टिक्, दाब. टिक्, दाब. मी त्यांचा अंगठा बघत होते आणि पडद्यावर उजेड कुठे पडतो ते बघत होते. यंत्राने नुसतं वाजवलं, उजेड टाकला नाही. अंगठा दाबला. डावीकडे खाली उजेड पडला, दाबला. पुन्हा नुसतं वाजलं, पुन्हा दाबला. एका लयीत. लबाडी करत नव्हते ते, देवाशपथ. वीस वर्षं त्या खोलीत तो आवाज ऐकून आवाज आणि उजेड त्यांना एकच झाले होते. ज्याने पेशंटांसाठी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, त्याला यंत्राच्या पोटातला आवाज उतरवायचं सुचलं नव्हतं.

मी यंत्र थांबवलं. ड्रेसिंगच्या डब्यातून कापूस आणला आणि त्यांच्या दोन्ही कानांत घट्ट बसवला. वरून पंखा जोरात सोडला. त्यांनी विचारलं नाही कशाला. त्यांना लगेच कळलं असावं. हनुवटी परत टेकवून बसले.

पुन्हा सुरू केलं. वरच्या बाजूला उजेड पडले, अंगठा चालला. उजवीकडे चालला. मग यंत्र डावीकडे खाली गेलं आणि अंगठा थांबला. उजेड पडत होता. थोडा तीव्र झाला, आणखी तीव्र झाला. मला लांबून ढळढळीत दिसत होता. अंगठा बटणावर तसाच, हलत नव्हता. पंखा फिरत होता. किती वेळ गेला कोण जाणे. आणि भाईंनी, नजर मधल्या दिव्यावरून तसूभर न हलवता, कानांत कापूस असलेला माणूस बोलतो तसं मोठ्याने विचारलं,

"यंत्र बंद पडला काय गो, नार्वे?"

मी जवळ गेले, वाकले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "नाय भाई. चालू आसा."

"बरा," म्हणाले. आणि बसून राहिले. दोन्ही डोळे पुरे होईपर्यंत त्यांनी एकदाही खोटं बटण दाबलं नाही.

कागद निघाला. मी तो हातात धरून उभी होते, द्यायचं धाडस होत नव्हतं. त्यांनी चष्मा लावला, कागद घेतला आणि सवयीने खालच्या नकाशावर पंजा ठेवला. "वरची ओळ बरी आसा," म्हणाले. "शून्य." मग पंजा काढला. दोन्ही डोळ्यांत डावीकडचा खालचा कोपरा काळा होता. उजव्यात तर काळा मध्याच्या जवळ येऊन टेकलेला.

मला राहवेना. म्हटलं, "भाई, एकच कागद आहे हा. गजाल. आठवड्याने परत घेऊ, मग आणखी एक..."

"नाय गो. ह्यो पयलो नाय." त्यांनी कागद खिडकीच्या काचेला लावला, तळहाताने सरळ केला. "उंडो तो पयलो. तुझी आवस ती दुसरी. ह्यो तिसरो."

मग त्यांनी खिशात हात घातला आणि स्कूटरची चावी टेबलावर ठेवली. सुर्ल्याच्या ट्रकवाल्याने ठेवली होती त्याच टेबलावर. घडीबद्दल मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. "बघितलंय मी ते आकडे. दर खेपेक बघितलंय. बापाशीचो आवाज कानात येय, मगे घडी घालय." डोळे पुसले, कागद घेतला आणि मॅडमच्या खोलीकडे गेले. मॅडमच्या दारात कचऱ्याची बादली असते, डाव्या बाजूला. त्यांचा पाय तिला लागला. ते थांबले, वाकून बादली सरळ केली आणि आत गेले.

त्या दिवशी ते बसने घरी गेले. दुसऱ्या महिन्यात दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, मोठ्या इस्पितळात. गेलं ते आलं नाही, येणार नव्हतंच. खुर्ची माझ्याकडे आली. भाईंच्या खुर्चीत बसायला मला कितीतरी दिवस अवघड वाटायचं, मी स्टूल ओढून घ्यायची.

ते दर चार महिन्यांनी पेशंट म्हणून यायचे. नेमाने, म्हापशाला बस बदलून. येताना कापूस घरून आणायचे, मलमाच्या जुन्या डबीत. आधी उंडो, चहा, मग स्वतःच कानांत कापूस घालून स्टुलावर बसायचे. मी डाग ट्रेसिंग पेपरवर उतरवून खिडकीला लावायची. आधीच्या डागावर नवा डाग बरोबर बसायचा. "वाढलो नाय मा?" "नाय भाई." "वरची ओळ?" "शून्य." मगच त्यांचा जीव भांड्यात पडायचा. शेवटच्या कागदापर्यंत तो डाग वाढला नाही. भाई गेले ते हृदयाच्या दुखण्याने, गेल्या वर्षी. सकाळच्या थेंबाची बाटली उशाशी होती, असं वहिनींनी सांगितलं.

शेवटच्या खेपेला मी त्यांना बसस्टँडपर्यंत सोडायला गेले होते. भर बाजार, माणसं, गाड्या. मी नेहमीसारखी त्यांच्या डाव्या बाजूने, अर्धं पाऊल मागे चालत होते, म्हणजे त्यांना दिसत नव्हते तिथे. ते उजवीकडचं सगळं बघत, दुकानांच्या पाट्या वाचत, बोलत चालले होते. एका वळणावर बोलता बोलता थांबले. मान वळवली नाही. नुसता डावा हात जरासा बाजूला केला आणि विचारलं,

"नार्वे, आसस मा थंय?"

"आसंय, भाई."

मग आम्ही रस्ता ओलांडला.